बाकी सगळं करा, तेवढं सोडा

"बाटली बदलली असणार," तुरतुरी म्हणाली.

तपासणीच्या खिडकीतली मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. तीन वर्षं ती त्या खिडकीत बसत होती. ही बातमी ऐकून बायका हसत, रडत, भिंतीला टेकत. एकीनं तर तिलाच मिठी मारली होती. पण बाटलीवर संशय घेणारी ही पहिलीच.

"चिठ्ठी बघा ना ताई. माझा नंबर सतरा. तुम्ही सतरा आणि अकरा शेजारी शेजारी ठेवलेत. माझा अख्खा दिवस चिठ्ठ्या लावण्यात जातो, एकाचा माल दुसऱ्याकडे कसा जातो ते मला विचारा."

"सतराच आहे हो. आणि अकरा नंबर एक आजोबा आहेत."

मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तुरतुरीला हसू आलं नाही.

पित्त झालंय म्हणून ती आली होती. आठ दिवस सकाळी मळमळत होतं, कामावर वाफेचा वास नको झाला होता, आणि तिथल्या मुकादमीणबाईंनी "आधी दाखवून ये, मग काउंटरला उभी राहा" असं दटावून पाठवलं होतं. खिडकीतल्या मुलीनं "हेही बघून घेऊ" म्हणत आपली नावापुरती ती पट्टी बुडवली होती. त्यावर तुरतुरी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "बुडवा की, काय जातंय! आमचं दुकान दोन वर्षांपूर्वीच बंद झालंय." आता त्या बंद दुकानाच्या पट्टीवर दोन रेघा उठल्या होत्या.

नवी पट्टी बुडवली. पुन्हा दोन रेघा.

अशा वेळी म्हणे बाईचा हात आपसूक पोटावर जातो. तिचा गेला कमरेच्या मागे, खाली, जिथं आतल्या आत जाळीची पट्टी लावून डॉक्टरीणबाईंनी तिचं सुटलेलं अंग वर टांगून ठेवलं होतं. टिकेल का ते? डोक्यात आलं ते एवढंच. नवरा नाही, बाळ नाही, सासू काय म्हणेल ते नाही. नऊ महिन्यांचं ओझं त्या पट्टीवर टिकेल का?

हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण बायका ते सांगत नाहीत.

तुरतुरी हे नाव तिला धुलाई केंद्रात पडलं. मोठं केंद्र होतं ते. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी गाड्या भरभरून येत, आणि पुढच्या काउंटरवर घरगुती गिऱ्हाईकं. ती तेव्हा ओल्या खात्यात होती. यंत्रातून पिळून निघालेल्या चादरींचा ढीग कवेत घ्यायचा आणि वाळवणाऱ्या यंत्रापर्यंत न्यायचा. ओली चादर अंगावर झोपलेल्या पोरासारखी जड असते, आणि ढिगात अशा बारा. बाकीच्या बायका चालत नेत. ही तुरतुर पळत नेई, परत येई, वर गाणं म्हणे. छकुली झाली तेव्हा मात्र बाळ मोठं, बाळंतपण अडलेलं, चिमटा लावून ओढून काढावं लागलं. दीड महिन्यात ही पुन्हा ढीग उचलायला हजर. "घरी बसून काय करू? अंगाला गंज चढतो," म्हणायची. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग एके दिवशी आंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं. मऊ, गोल, आपलं नसलेलं. आणि होतं आपलंच.

सत्तावीस वर्षांची होती. अंग बाहेर येतं ते म्हाताऱ्या बायकांचं, एवढंच तिनं ऐकलं होतं. तिनं ते हातानं आत सारलं, कपडे घातले आणि कामावर गेली. असं दीड वर्ष. सकाळी आत, दुपारी बाहेर. शिंकताना पाय आवळायचे, हसताना पाय आवळायचे, पळायचं तर बंदच. खात्यातल्या बायका मात्र "तुरतुरी, ए तुरतुरी" करत राहिल्या, आणि प्रत्येक हाकेला तिला कुणीतरी चिमटा काढल्यासारखं होई. नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी एकदा चालता चालता जमिनीवर फतकल मारून बसली आणि मुकादमीणबाईंनी हाताला धरून डॉक्टरकडे नेली.

आधी व्यायाम झाले, मग आत बसवायची रिंग झाली, दोन्ही टिकेनात. मग ऑपरेशन. गर्भाशय काढायचं नाही, वर उचलून जाळीच्या पट्टीनं मागच्या हाडाशी बांधायचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणखी मूल हवंय का? नवरा-बायकोनं घरी बसून ठरवलं होतं: एक छकुली पुरे. तर मग त्याच वेळी नळ्याही बांधू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कागदावर दोन कामं लिहिली गेली, एक उचलायचं आणि एक बंद करायचं. खाली तिची सही. काम झालं, आणि सहा महिन्यांनी ती पुन्हा तुरतुर चालायला लागली. केंद्रानं तिला ओल्या खात्यातून काढून काउंटरवर चिठ्ठ्या लावायला बसवलं. दोन वर्षांत तिनं एकदाही पाय आवळले नव्हते. हसली की पोटभर हसत होती. माणसाला यापेक्षा जास्त काय लागतं, हे ज्याचं अंग धड आहे त्याला कळायचं नाही.

आणि आता दोन रेघा.

*

नवरा शाळेची बस चालवायचा. संध्याकाळी पाचाला घरी येई आणि भाजी चिरायला बसे, कारण त्याला चिरायला आवडे आणि तिला आवडत नसे. छकुली शेजारी खेळायला गेली होती. सासूबाई आतल्या खोलीत वाटाणे सोलत होत्या.

तुरतुरी चपलासुद्धा न काढता त्याच्यासमोर उभी राहिली. "मला दिवस गेलेत."

तिनं वाटेत सगळी तयारी केली होती. तो सुरी टाकेल, आ वासेल, "कसं शक्य आहे" म्हणेल. मग दोघं मिळून त्या दवाखान्याच्या नावानं शंख करतील.

त्यानं सुरी खाली ठेवली खरी. पण त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला आणि तो हसायला लागला.

"म्हणजे ठरवलंस तर! शेवटी!"

"काय ठरवलं?"

"अगं, मी दोन वर्षं एक अक्षर काढलं नाही तोंडातून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तिचं ती सांगेल, तुम्ही मागे लागू नका. म्हटलं बरोबर आहे. सोसायचं तिला, तर बोलायचंही तिनंच."

"अहो, काय बोलताय? माझ्या नळ्या बांधल्यात!"

"नाही बांधल्या." त्याचं हसू आता अर्ध्यावर अडकलं. "तुला माहितीये ना?"

चुलीवर काहीतरी उकळत होतं त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

दोन वर्षं एका अंथरुणात दोन माणसं झोपली आणि दोघांची माहिती वेगळी! तिला वाटत होतं दार बंद आहे, म्हणून ती निर्धास्त. त्याला वाटत होतं दार हिनंच उघडं ठेवलंय, म्हणून तो गप्प. विचारायचं कुणी? तो समजूतदार, ती समजूतदार. मूग गिळून बसण्यालाच आपल्याकडे पुष्कळदा समजूतदारपणा म्हणतात.

"तू सांगितलंस त्यांना," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला अरेतुरे केलं. "मी बेशुद्ध पडले आणि तू बाहेर सांगितलंस, नका बांधू म्हणून! तुला हवं होतं दुसरं."

"शपथ घेऊन सांगतो..."

"शपथ नको. कागद दाखव."

त्यानं कपाटातून फाइल काढली. ती तिनं कधी उघडलीच नव्हती. घरी सोडताना त्याच्या हातात दिली, त्यानं कपाटात ठेवली, संपलं. सहा आठवड्यांनी टाके दाखवायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाई रजेवर होत्या, दुसऱ्याच डॉक्टरनं बघून "छान आहे, या" म्हणून वाटेला लावलं होतं. दिवसाला दीडशे लोकांच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या बाईनं स्वतःची चिठ्ठी वाचली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

खालून चौथ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं: नळ्या बांधलेल्या नाहीत, पेशंटच्या सांगण्यावरून.

"खोटं आहे," ती म्हणाली. "मी असलं काही बोललेच नाही. मी सही केलीय. माझी सही मला आठवतेय, शाईचा डाग पडला होता बोटाला."

"मला दारात येऊन डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं. तिनं नको म्हटलं, म्हणून."

"मग दुसरं कुणीतरी सांगितलं असणार." आणि तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं.

वाटाणे सोलायचा आवाज थांबला होता.

*

तुरतुरी तरातरा आत गेली आणि दार लोटून घेतलं. नातवाची हौस कुणाला असते हे काय सांगायला हवं? तिनं तोंड उघडायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, "ठेवू नकोस."

"काय?"

"ऐकलंय मी सगळं. ठेवू नकोस सूनबाई. अजून दिवस थोडे आहेत, मोकळी हो. तो मागे लागला तर मी बघते त्याच्याकडे."

तुरतुरी मटकन खाटेवर बसली. भांडायला आलेल्या माणसाचं भांडणच काढून घेतलं तर त्यानं करायचं काय?

सासूबाई ताटातल्या वाटाण्यांकडे बघत बोलत होत्या. "ह्याच्या वेळेला थोडंसं जाणवायचं. म्हटलं जाईल. मग धाकट्याच्या वेळेला आलं ते आलंच. बत्तीस वर्षं झाली. फडकं बांधते मी. घट्ट बांधलं की दिवसभर चालतं."

"आई..."

"तू मागे दवाखान्यात होतीस ना, तेव्हा ती सिस्टर तुला काय झालंय ते सांगत होती आणि मी शेजारी उभी. मला वाटलं ही माझंच सांगतेय. ह्याला नाव आहे, ह्याला डॉक्टर आहे, हे मला साठाव्या वर्षी कळलं." त्यांनी एक शेंग उचलली आणि तशीच खाली ठेवली. "तू बरी झालीस. पळायला लागलीस. मी खिडकीतून बघायची तुला जाताना. आता ते परत घालवू नकोस. एवढंच. आणि त्याला सांगू नकोस माझं."

सात वर्षं तुरतुरी ह्या घरात होती. पाटी उचलू नका म्हटलं की "मी काय म्हातारी झालेय?" म्हणून फणकारणाऱ्या, देवळाची पायरी चढताना मध्येच "जरा हवा खाते" म्हणून थांबणाऱ्या, हसताना नेहमी आधी खाली बसणाऱ्या ह्या बाई. अगदी तशाच युक्त्या तिनं स्वतः दीड वर्ष केल्या होत्या, आणि समोरच्या माणसाच्या तिला ओळखू आल्या नाहीत. दाराबाहेर ती चोराला धरायला निघाली होती आणि फाशी संन्याशाला देणार होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. आठ आठवडे. पडद्यावर शेंगदाण्याएवढं काहीतरी होतं आणि त्यात लुकलुक. तुरतुरीनं मान दुसरीकडे फिरवली.

"आधी मला एक सांगा. नळ्या सोडायला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मला आठवत नाही."

"तुम्हाला आठवणार नाही." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "टेबलावर घेतल्यावर भीती जावी म्हणून एक औषध देतो. माणूस जागा असतो, बोलतो, पण नंतर त्यातलं काही आठवत नाही. संध्याकाळी मी तुमच्या खाटेपाशी येऊन सांगितलं, तुम्ही हो हो म्हणालात. ते गुंगीतलं हो होतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ती चूक माझी आहे."

डॉक्टर माणूस असं उघड उघड म्हणेल हे तुरतुरीनं धरलं नव्हतं. रागानं भरून आणलेलं तोंड रिकामं करायला जागाच राहिली नाही. तरी ती हटली नाही. "कशावरून मी बोलले? गुंगीतलं बोलणं तुम्ही ऐकलंत कसं?"

"सही शुद्धीत केलेली होती, हे खरं. पण बांधलेली नळी सोडवणं अवघड. न बांधलेली नंतर केव्हाही बांधता येते. शंका आली की थांबायचं." त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली.

ऑपरेशनच्या खोलीतली सिस्टर आली. जाडजूड, डुलत चालणारी, केस पांढरे. तुरतुरीकडे बघताच तिचा चेहरा खुलला. "धुलाईवाल्या! तुम्हाला कोण विसरेल? लिहिलंय की मी, जसंच्या तसं." तिनं जुन्या नोंदींतला कागद शोधून समोर ठेवला.

कागदावर वेळ होती, नऊ वाजून दहा मिनिटं. आणि पुढे गोल अक्षरात: पेशंट म्हणाली, "बाकी सगळं करा, तेवढं सोडा."

तुरतुरीनं ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली.

आता हे तिच्याखेरीज दुसरं कुणी म्हणूच शकत नव्हतं. धुलाई केंद्राच्या काउंटरवर रोज हेच चालतं. गिऱ्हाईक कपडे देतं, चिठ्ठीवर काम लिहून होतं, सही होते, आणि ते दारापर्यंत जाऊन मागे वळतं. एक वयस्कर संगीतशिक्षक दर महिन्याला कोट आणायचे. सगळे डाग काढा म्हणायचे, आणि दारातून वळून हमखास सांगायचे, खिशावरचा तो शाईचा राहू द्या. मग चिठ्ठीवर शेवटी लिहायचं: बाकी सगळं करा, तेवढं सोडा. हे पाच शब्द ओल्या खात्यातल्या नव्या मुलीलाही पाठ असतात. आणि केंद्राचा नियम असा, की काउंटरवरचं बोलणं आणि दारातलं बोलणं यांत फरक पडला तर दारातलं खरं धरायचं. काढलेला डाग परत घालता येत नाही.

तिनं स्वतःच स्वतःच्या चिठ्ठीवर ती ओळ घालून घेतली होती. कुणी फसवलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, डॉक्टरनं नाही. हे कळून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. परक्यानं घात केला तर त्याच्याशी भांडता येतं. इथं आपल्याच आत एक बाई दोन वर्षं दडून बसली होती, आणि तिनं आपल्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

"मी का म्हटलं असेन तसं?" तिनं सिस्टरला विचारलं. "काही बोलले का?"

"नाही बाई. कारण काही नाही सांगितलं. रडतही नव्हतात, छान हसत होतात." सिस्टर आठवू लागली. "हां, त्यानंतर अजून एक बोललात. म्हणालात, 'आणि मला पळता आलं पाहिजे, हां का!' मग झोपलात."

तुरतुरीनं तोंडावर हात दाबून धरला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा परत घातला. मग त्यांनी नीट सगळं सांगितलं. असं ऑपरेशन झालेल्या तरुण बायकांना दिवस राहतात. फार जणींची माहिती जमलेली नाही, पण ज्यांची आहे त्यांतल्या बहुतेकींचं सुखरूप झालंय. बाळंतपण पोट उघडूनच करायचं, खालच्या वाटेनं नाही. कंबर दुखेल, ओढल्यासारखं वाटेल. अंग पुन्हा खाली सरकेल का? सरकू शकतं. कदाचित नाही. "छातीवर हात ठेवून मी तुम्हाला वचन देऊ शकत नाही. ठेवायचं नसेल तर तेही नीट करता येईल. आठवडाभर विचार करा. आणि ह्या वेळी, कृपा करून, पूर्ण जागेपणी सांगा."

*

आठवडा तिनं कसा काढला तिचं तिलाच ठाऊक. नवऱ्याशी ती पुन्हा अहो-जाहो बोलायला लागली, पण कामापुरतं. तोही मागे लागला नाही. एकदाच म्हणाला, "तू नको म्हणालीस तरी मी तोच आहे." आणि भाजी चिरायला बसला. त्या दिवशीचे तुकडे फार बारीक झाले.

काउंटरवर तिच्या हातून चुका व्हायला लागल्या. रोज संध्याकाळी घरी जाताना ती चौकापासून दारापर्यंत मुद्दाम पळे आणि स्वतःला विचारी, हे सोडशील? उत्तर एकच येई: नाही. मग छकुली तिच्या गळ्यात पडे, आणि त्या पडद्यावरची लुकलुक आठवे. ते तरी सोडशील? त्याचंही उत्तर तेच येई. गुंगीत होती तरी ती टेबलावरची बाई खोटं बोलली नव्हती. तिला दोन्ही हवं होतं, आणि दोन्हीचं वचन द्यायला कुणीच तयार नव्हतं.

सहाव्या दिवशी संगीतशिक्षक कोट घेऊन आले. सही झाली. दारापर्यंत गेले, वळले. "खिशावरचा तो..."

"राहू देते," ती म्हणाली, आणि लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की दोन वर्षांत तिनं त्यांना कधी का म्हणून विचारलं नव्हतं. कुणालाच विचारलं नव्हतं. दारातून मागे वळलेल्या माणसाला कारण विचारायचं नसतं, त्याचं ऐकायचं असतं. एवढं परक्याचं ऐकतो आपण.

सातव्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंसमोर बसली. "ठेवायचंय. लिहून घ्या, मी सांगते तसं." सिस्टरनं पेन घेतलं. तुरतुरी भराभरा सांगत गेली, डॉक्टरीणबाई मध्येमध्ये दुरुस्त करत गेल्या. शेवटी ती म्हणाली, "आणि बाळ काढल्यावर नळ्या बांधायच्या. तेव्हा मी टेबलावर काहीही बरळले तरी ऐकायचं नाही, असं लिहा."

"तसं नाही लिहिता येत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही थांबा म्हणालात तर मला थांबावंच लागेल. फार तर दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला जागं करून, दोनदा सांगेन."

तुरतुरीनं थोडा विचार केला. तिच्या काउंटरचा नियमही हाच होता. तक्रार कुठल्या तोंडानं करणार? "बरं. तीनदा सांगा," ती म्हणाली, आणि सही केली.

*

संध्याकाळी तिनं तो कागद नवऱ्याच्या हातात दिला. "कपाटात नाही ठेवायचा. इथं वाचा, मोठ्यानं. आई, तुम्हीही ऐका."

सासूबाई भांडी पुसत होत्या. त्या थांबल्या. नवऱ्यानं खाकरून घसा साफ केला.

"'गर्भ ठेवायचा आहे.'" सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. तो पुढे वाचू लागला. "'प्रसूती पोटावरून. धोका समजावून सांगितला, अंग पुन्हा खाली येऊ शकतं. तसं झालं तर पुन्हा उपचार करायचे, लपवायचं नाही. ओझं उचलायचं नाही, भरलेली बादलीही नाही. घरातलं उचलायचं सगळं काम नवऱ्याचं.'" तो हसला. "मान्य. 'सासूबाईंनीही काही उचलायचं नाही.'" तो थांबला. "आईनं का नाही? आईला काय झालंय?"

तुरतुरी छकुलीच्या वेणीची रिबीन सोडवत बसली. सांगणार नाही म्हटलं होतं, ते तिनं पाळलं.

"काही नाही झालं मला," सासूबाई म्हणाल्या. "वाच पुढचं."

"पुढं एकच ओळ आहे. 'पेशंट पूर्ण शुद्धीवर असून हे तिनं स्वतः सांगितलं आहे.'"

सासूबाईंनी पुसलेली भांडी एकावर एक रचली, टोपलीत भरली आणि टोपली उचलायला वाकल्या. वाकल्या तशाच राहिल्या. मग टोपली तिथंच ठेवून, पदराला हात पुसत आत निघाल्या. दारात पोचल्या आणि मागे वळल्या.

"माझंही अंग बाहेर येतं," त्या मुलाकडे बघून म्हणाल्या. "धाकटा झाला तेव्हापासून. बत्तीस वर्षं."

नवऱ्याच्या हातातला कागद खाली आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईच्या हातच्या किती टोपल्या, किती बादल्या त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या असतील कोण जाणे.

तुरतुरी उठली. तिनं त्याच्या हातातून कागद घेतला, खिशातलं चिठ्ठ्यांचं पेन काढलं, आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं: सासूबाईंना बुधवारी दाखवायचं. मग तिनं कागद सासूबाईंच्या पुढे धरला.

"आई, बरोबर लिहिलंय का बघा."

सासूबाईंनी तो डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचला.

"बुधवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं.